ओल्या केसांची देवी

पणदऱ्याच्या शिवारात, कालव्याच्या चारीलगत रामहरीचा भाजीपाल्याचा मळा होता. सत्तावन्न सालची दिवाळी चार दिवसांवर आली होती. सणाला बारामतीच्या बाजारात मेथीला मागणी असते, म्हणून त्या सकाळी सगळं घर मळ्यात होतं. रामहरी मेथी उपटत होता. त्याची थोरली विधवा बहीण कुशाबाई जुड्या बांधत होती. बायको सरुबाई चारीच्या पाण्यात जुड्यांची मुळं धूत होती, पण तिचे डोळे कामावर नव्हते. ते लेकीच्या डोक्यावर खिळले होते.

लेकीनं डोक्यावरून पदर घेतला होता.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? खेड्यातली पोर, पदर घेणारच. पण ही पोर म्हणजे जयवंता. एकोणीस वर्षांची, पुण्याच्या कॉलेजात इंटर सायन्सला, पुढं डॉक्टर होणार म्हणणारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आली तेव्हा बोडक्या डोक्यानं गावभर फिरायची आणि आईनं हटकलं की खळखळून हसायची. तीच आता घरात पदर, जेवताना पदर, झोपतानासुद्धा पदर! घरी येऊन तीन दिवस झाले होते. तिन्ही दिवस सरुबाई तेलाची वाटी घेऊन मागं लागली आणि तिन्ही दिवस पोरीनं काही ना काही निमित्त काढून पळ काढला.

सरुबाई मुळातच संशयी बाई. व्यापाऱ्यानं काटा धरला की ही आधी काट्याकडं बघायची आणि मग व्यापाऱ्याच्या तोंडाकडं. बियाणं घ्यायचं तर मूठभर दातांखाली फोडून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. तिच्या डोक्यात आता भलभलतं चालू झालं. केस कापले असतील का कार्टीनं, मडमांसारखे? का कुणाशी काही भानगड? आणि ते पोहणं! पोरगी कालव्याच्या काठी वाढलेली, पाण्यात मासोळी. पुण्यात कॉलेजच्या पोहणाऱ्या मुलींत तिचं नाव लागलं होतं, चषकही मिळाला होता. ती मोठ्या कौतुकानं सांगत असताना सरुबाईनं एवढंच विचारलं होतं, "आन अंगावर काय असतंय तवा?" जयवंतानं उत्तर दिलं नव्हतं, आणि ते न दिलेलं उत्तर सरुबाईच्या मनात सहा महिने सलत होतं.

दुपारी कुशाबाई वांगी काढायला गेली तशी सरुबाईनं डाव साधला. न्हाणीतल्या दगडावर पोरीला दंड धरून बसवलं.

"पदर काढ."

"आई, नगं."

"काढ म्हन्ते न्हवं!"

जयवंतानं पदर काढला, अंबाडा सोडला आणि मान खाली घातली. केस होते, जसेच्या तसे लांबसडक. सरुबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं तेलाचा हात लावला, बोटं केसांत घातली, आणि मानेच्या वर डाव्या बाजूला ती अडली. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, सुंभासारखी कडक गुंत होती. तेलाची वाटी कलंडली.

"जट!" सरुबाईनं ती गुंत मुठीत धरली. "कवापासनं?"

"आषाढापासनं." जयवंता रडू लागली. "देवीबिवी न्हाय गं आई. पहाटं तलावावर जाते. आले की केस ओलेच बांधते, कारण सातला फिजिक्स असतंय. दुपारी बेडूक कापायचं प्रॅक्टिकल, सांजच्याला पुन्ना तलाव, मग वाचत बसते ती तशीच डोळा लागतो. फणी घ्यायला येळ कुठाय? एक दिस बघितलं तर गुंता झालेला. पुढच्या रविवारी सोडवू म्हणलं. मग पुढच्या. मग ती सुटंनाच."

"मग तितंच कापून का न्हाय टाकलीस?"

हा प्रश्न नेमका वर्मी लागला. जयवंतानं पदरानं डोळे पुसले.

"कातर लावली व्हती," ती म्हणाली. "बेडूक कापताना माझा हात वर्गात सगळ्यात स्थिर, सर म्हणतात. पण तितं कातर लावली आन आत्या आठवली. त्या माळेगावच्या बाईनं जट कापली, रक्त ओकून मेली, असं सांगायची न्हवं का आत्या? मला सगळं ठावं हाय गं, केस कशाचे असत्यात, कसे वाढत्यात. तरी हात उचललाच न्हाय."

एवढ्यात दारात सावली पडली. कुशाबाई वांग्यांची पाटी घेऊन परत आली होती. तिनं पाटी टाकली, धावत आली, आणि सरुबाईला काही कळायच्या आत त्या थोरल्या बाईनं आपल्या भाचीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई आली! यल्लूआई आली माझ्या भावाच्या घरात!"

जयवंता पाय मागं घेत होती आणि कुशाबाई ते घट्ट धरत होती. पिकल्या केसांची आत्या ज्या पोरीला कालपर्यंत 'ए भवाने' म्हणून हाक मारत होती, तिच्याशीच आता अहोजाहो बोलू लागली. सरुबाईला त्याच क्षणी पोर हातातून गेल्यासारखी वाटली.

दिवस मावळायच्या आत गावातल्या बाया हळदकुंकवाचे करंडे घेऊन हजर! जयवंताला पाटावर बसवली. जटेला हळद लागली, कुंकू लागलं, पाया पडायला रांग लागली. तिसऱ्या दिवशी कुशाबाईनं इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याहून साखरबाई जोगतिणीला आणवलं. साखरबाई साठीला टेकलेली होती. गळ्यात कवड्यांची माळ, काखेत परडी, आणि डोक्यावर जटांचा असा भारा की मान सरळ राहायची नाही. तिनं पोरीची जट दोन बोटांनी चाचपली, डोळे मिटले आणि निकाल दिला.

"आईनं हात ठेवलाय. आता ही तुमची न्हाय. फणी नगं, पाणी नगं, जीव मारायचं शिक्षान नगं. मार्गशीर्षी पुनवंला यल्लूआईच्या डोंगरावर न्यायची आन आईला सोडायची."

"सोडायची म्हंजी?" सरुबाईनं विचारलं.

"म्हंजी लगीन देवीशी. परडी घ्यायची, जोगवा मागायचा."

रामहरी भिडस्त माणूस. तो दबकत म्हणाला, "न्हाय, तेवढी मार्चातली परीक्षा दिऊन... मग न्यावी म्हणतो." साखरबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. आणि दैवाची खोडी बघा! दुसऱ्याच दिवशी रामहरीला हुडहुडी भरून ताप चढला. तीन घोंगड्या घातल्या तरी दात वाजत होते.

"बघितलंस? परीक्षा म्हणाला न्हवं!" कुशाबाई म्हणाली, आणि विषय संपला.

जयवंतानं चार दिवस बापाचा ताप बघितला. एक दिवसाआड, ठरल्या वेळी थंडी वाजते, मग घाम फुटतो. "हिवताप हाय हा," ती म्हणाली आणि शेजाऱ्याकरवी बारामतीच्या दवाखान्यातून कोयनेलच्या गोळ्या आणवल्या. आठवड्यात रामहरी हिंडू-फिरू लागला. कुशाबाईनं देवीला नारळ फोडला. सरुबाई उंबऱ्यात बसून विचार करत राहिली. ताप आला तो देवीनं आणला. गेला तो देवीनं नेला. मग त्या कडूजहर गोळ्या कशापायी गिळल्या माणसानं?

संशयाची ही पहिली ठिणगी. पण ती तिथंच विझलीही असती. कारण वाचकहो, त्या घरात राक्षस कुणीच नव्हतं. कुशाबाईचा भाचीवर जीव होता. आपली पोर देवीची झाली याचा तिला खराखुरा अभिमान वाटत होता. बाया येत होत्या त्या आपली आजारी लेकरं घेऊन, श्रद्धेनं. पोरीचा जीव घोटला जात होता तो असा मायेनं, हळदकुंकवानं. विरोध करायचा तर कुणाला करायचा?

सुट्टी संपली. पुण्याला जायचा दिवस आला आणि गेला. जयवंता पाटावर बसून राहिली. चारीच्या पाण्यात उतरायची तिला बंदी. पुस्तक वाचलं तर आत्या म्हणायची, "आता त्येचं काय काम?" मग ती पोथी म्हणून झूलॉजीचं पुस्तक लाल फडक्यात बांधून पुढ्यात ठेवायची आणि ओठ हलवत पाठ करायची. समोर बायका हात जोडून बसलेल्या आणि देवी बेडकाच्या हृदयाचे कप्पे म्हणतेय! एरवी हसून मुरकुंडी वळली असती. सरुबाईला त्या दिवशी हुंदका आवरला नाही.

खोलीतल्या मैत्रिणीचं पत्र आलं. नऊ डिसेंबरपर्यंत आली नाहीस तर हजेरी भरत नाही, टर्म मिळणार नाही, परीक्षेला बसता येणार नाही. जयवंतानं पत्र आईला वाचून दाखवलं.

"आई, टर्म गेली की वर्स गेलं. पर पुढलं वर्स मला कोण दील? त्याच्या आधी पुनव हाय."

"ते पवणं सोडलं असतंस वेळेवर, तर ही पाळी आली नसती," सरुबाई चिडून म्हणाली. राग पोरीवर नव्हता, पण निघाला तिच्यावरच. "डाक्टर व्हायचं तर अभ्यास करावा! पाण्यात काय ठेवलंय?"

जयवंतानं पहिल्यांदा मान वर केली. "असंच समदी म्हणत्यात. कॉलेजातल्या बाई म्हणत्यात पोहणं सोड, तलावावरल्या बाई म्हणत्यात अभ्यास कमी कर. मला दोन्ही लागतंय आई. वाचून वाचून डोकं दगड होतं, तवा पाण्यात उतरते. पाण्यातनं निघाले की पहिल्यापास्नं समदं आठवतंय. एक तोडलंस तर दुसरं जगायचं न्हाय माझ्याच्यानं."

सरुबाईला ते पटलं नाही, पण खोटंही वाटलं नाही. काट्याकडं बघावं तसं तिनं पोरीच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं.

मंगळवारी साखरबाई आली. जेवण झाल्यावर अंगणात सावलीला बसली, मान दोन्ही हातांनी दाबत. सरुबाई सुपारीचं खांड द्यायच्या निमित्तानं जवळ बसली.

"मावशे, तुमची कवा आली?"

"सात वर्साची व्हते."

"आपसूक आली?"

"मंग?" साखरबाई हसली. जुन्या गोष्टीत शिरली. "डोक्यात खवडे झालते. फणी लावली की मी वरडायची, म्हणून आई माझी फणीच लावंना. दोन म्हयनं तसंच ऱ्हायलं. मग आली."

"म्हंजी फणी लावली न्हाय म्हणून आली?"

साखरबाईचा सुपारी चघळणारा जबडा थांबला. तिनं सरुबाईकडं असं बघितलं, जसं काही कुणी तिच्या परडीत हात घातला होता. "आसं इचारायचं नसतंय, सरू," ती म्हणाली आणि उठून गेली.

झालं. आता ही संशयी बाई स्वस्थ बसणार होती होय? माझ्या पोरीनं फणी लावली नाही, जट आली. हिच्या आईनं फणी लावली नाही, जट आली. देवी फणीला भिऊन असती काय गं बये?

पण नुसत्या तोंडच्या गोष्टीवर सरुबाईचा विश्वास कधीच नसायचा. दोन वर्षांपूर्वी सरकारी माणूस गावात पांढरं खत घेऊन आला होता. सगळ्यांनी एक तर पिकभर टाकलं, नाही तर विष म्हणून फेकून दिलं. सरुबाईनं वांग्याचा एकच वाफा धरला, निम्म्यात खत घातलं, निम्मा तसाच ठेवला, आणि महिनाभर दोन्हीकडं बघत राहिली. भाजीवाल्याची रीतच ही. वाफा कधी खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची.

दुसऱ्या पहाटे ती चारीवर गेली. केसांचे दोन भाग केले. डावा भाग पाण्यात बुचकळला, ओलाच पिळून कानामागं करकचून गाठ मारली. उजव्या भागाला तेल लावलं, फणी केली, वेणी घातली. आणि दोन्ही झाकून वर पदर घेतला. चाळिशीच्या बाईच्या पदराखाली काय आहे, हे बघायला कोण जातंय?

रोज पहाटे हेच. डाव्याला पाणी आणि गाठ, उजव्याला तेल आणि फणी. कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीलाही नाही. आठ दिवसांत डावी बाजू खाजू लागली. पंधरा दिवसांत ओल्या पोत्यासारखा वास यायला लागला. कुशाबाई नाक ओढून म्हणायची, "सरू, तुज्या डोक्याचा कसला वास येतोय?" आणि मग बारीक डोळ्यांनी बघत राहायची. एका पहाटे तर ती चारीवर मागोमाग आली. सरुबाईनं घाईघाईनं घागर बुडवली. आता घरात दोघी जणी एकमेकींवर पाळत ठेवून होत्या. नणंदेला वाटत होतं भावजय करणी करतेय, आणि भावजयीला वाटत होतं, हिला कळलं तर ही आजच्या आज गाडी जुंपील.

तिसऱ्या आठवड्यात बोटाला लागली. कडक, पिळदार, करंगळीएवढी.

सरुबाईला आनंद व्हायला हवा होता, नाही का? ती चारीच्या काठावर मटकन बसली. खरोखर देवीच आली असली तर? मी तिची परीक्षा बघायला गेले आणि ती कोपून माझ्याच डोक्यात येऊन बसली असली तर? बाई अक्षरशत्रू, आयुष्यभर देवीच्या नावानं उपास धरलेली. तिनं पाण्यापुढं हात जोडले. माफी मागायला तोंड उघडलं. आणि तेवढ्यात तिचा हात सवयीनं उजव्या बाजूला गेला. वेणी मऊ होती. तेलानं चमकत होती. बोटं सरसर खालपर्यंत गेली.

ती तशीच बसून राहिली, एक हात डावीकडं, एक हात उजवीकडं. मग मोठ्यानं हसली. एकटीच.

पुनवेच्या चार दिवस आधी, मंगळवारी, निघायचं ठरलं. गाडी जुंपून दारात उभी होती. बारामतीला जायचं आणि तिथून पुढं डोंगराकडं. अंगण बायांनी भरलं होतं. साखरबाईनं जयवंताच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, गळ्यात घालायची मण्यांची माळ काढली होती. जयवंता रडत नव्हती. तिनं रडायचं सोडून दिलं होतं. सरुबाईला तिच्या रडण्यापेक्षा त्या कोरड्या डोळ्यांची जास्त धास्ती वाटली.

"थांबा," सरुबाई म्हणाली. मधोमध येऊन तिनं पदर खांद्यावर टाकला आणि डाव्या बाजूची गाठ सोडली. "माजीबी बघा."

अंगणात एकच गलका झाला. कुशाबाईचे हात आपोआप जुळले. "अगं बया! मायलेकी दोघींवर किरपा!" म्हणत ती भावजयीच्या पायांकडं झेपावली.

"उठा वन्सं. अजून निम्मं ऱ्हायलंय." सरुबाईनं तिला खांद्याला धरून उठवलं, मान फिरवली आणि उजवी वेणी सोडली. केस पाठीवर मोकळे पसरले. "ह्या बाजूला का न्हाय आली? देवी माज्या निम्म्याच डोक्यात आली व्हय?"

बायांच्या नजरा डावीकडनं उजवीकडं फिरल्या.

"मी सांगते. डाव्या बाजूला रोज पाणी लावलं, गाठ मारली, फणी लावली न्हाय. तीन आठवडे. उजवीला तेल आन फणी. वन्सं, तुमी चारीवर माज्या मागं आलाता न्हवं? तवा मी ह्येच करत व्हते. ही जट माजी मी केलीया. वाफ्यात लावून उगवावी तशी. माज्या पोरीचीबी तशीच झाली, पव्हून पव्हून. तिच्या डोक्याला आईचा हात नव्हता, फणी नव्हती. देवीनं काय केलंय त्यात?"

"पाप बोलतीयास तू!" कुशाबाई ओरडली. "आईची चेष्टा करतीस?"

"न्हाय वन्सं. आईच्या नावावर मी माजा आळस खपवत न्हाय, एवढंच."

आत जाऊन तिनं चोळ्या बेतायची कातर आणली. खोटं कशाला सांगू, आधी तिनं देवीचं नाव घेतलं. डोळे मिटून तिनं कातर लावली. जाड होती, एका दमात तुटेना, तीन वेळा दाबावी लागली. मग ती करंगळीएवढी काळी गुंत शेणानं सारवलेल्या अंगणात पडली. सगळ्या बाया सरुबाईच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या. काहीतरी होईल म्हणून. गोठ्यात म्हैस हंबरली. मागं एक पोरसवदा सून फिस्सकन हसली आणि सासूनं तिला चिमटा काढला.

"आत्ता न्हाय व्हायचं," कुशाबाई म्हणाली. "सात दिसांत भोगशील."

"मग सात दिस मी हितंच हाय. बघा रोज येऊन. पर पोरीला थांबाय येळ न्हाय, तिची टर्म जाती." आणि तिनं कातर जयवंतापुढं धरली. "घे. तुजी तू काप. मी कापली तर उद्या म्हणशील, आईनं कापली."

जयवंतानं आईकडं बघितलं, मग खाली पडलेल्या जटेकडं. तिनं मानेमागं हात नेला. कुंकवानं ती वीतभर जट दगडासारखी झाली होती. तिनं ती मुळाशी धरली आणि कापली. हिरव्या बांगड्या किणकिणल्या. साखरबाईच्या हातातली माळ तशीच राहिली.

आत्तापर्यंत रामहरी खांबाला टेकून उभा होता. महिनाभर तो माणूस तोंडातून शब्द काढत नव्हता, आणि सरुबाईनं त्याच्याकडून काही आशाही धरली नव्हती. गडी गाडीचे बैल सोडायला निघाला तसा तो म्हणाला, "जुपलेलीच ऱ्हाऊ दे. बारामतीच्या स्टँडला जायचंय. पुण्याची मोटार गाठायची." मग बहिणीकडं न बघता त्यानं पोरीची ट्रंक उचलली.

स्टँडवर मोटारीत बसलेल्या लेकीला सरुबाईनं खिडकीतून शेंगदाण्याच्या लाडवांचं गाठोडं दिलं. जयवंता म्हणाली, "आई, पोहणं सोडू का गं? तू म्हणशील तर..."

"सोडायला कुणी सांगितलंय?" सरुबाई खेकसली. "पव की. पर भाईर आलं की आधी केस वाळव, फणी घाल, आन मग पुस्तक उघड. फिजिक्स का काय त्ये घटकाभर थांबंल." मोटार निघून गेली तरी ती तिथंच उभी होती. रामहरीनं "चल" म्हटल्यावर मग वळली.

सात दिवस गाव सरुबाईवर डोळा ठेवून होतं. पाणी भरताना, बाजारला जाताना बाया तिच्याकडं बघायच्या. शिंकली तरी कुजबुज व्हायची. रात्री अंथरुणात ती स्वतःही आपली नाडी चाचपायची, हेही सांगायला हवं. भीती काही एका कातरीनं तुटत नाही. कुशाबाईनं तिच्या हातचं खाणं सोडलं. वेगळी चूल मांडली. जुड्या बांधायला ती येईनाशी झाली. ती पुढंही कधी आली नाही.

सात दिवस गेले. काही झालं नाही. जयवंताचं कार्ड आलं, टर्म भरली.

आठव्या दिवशी दुपारी साखरबाई मळ्यात आली. परडी नव्हती. बांधावरून चालत येताना तिची मान एका बाजूला कलली होती. ती सरुबाईसमोर उभी राहिली आणि तिला वरून खाली न्याहाळलं.

"जित्ती हाईस."

"हाय की."

साखरबाई बांधावर बसली. मेथीची चार पानं तोडून तोंडात घातली. मग म्हणाली, "ही काढली तर मला जोगवा कोण वाढंल, सरू? चाळीस गावं ह्या जटेनं मला वळखत्यात. मला वळखणारं माणूस कुणी न्हाय."

कातर लावणं सोपं होतं, आणि ही म्हातारी विचारत होती ते नव्हतं. देवीला सोडलेल्या पोरीला गावानं भाकर दिली होती ती जटेसाठी. जट गेली तर ती भाकर गावाला द्यावी लागणार होती एका म्हातारीला, नुसत्या माणसाला. गाव देईल का? सरुबाईला गावाबद्दल खात्री नव्हती. स्वतःबद्दल होती.

"जुड्या बांधाय मला माणूस पायजे," ती म्हणाली. "वन्सं येत न्हाईत. हितं जेवायचं, हितं निजायचं. जोगव्याचं काम न्हाय, बघ. कंबर मोडतीया."

साखरबाईनं बसल्या जागी वळून सरुबाईकडं पाठ केली. सरुबाई घरात जाऊन कातर आणि तेलाची वाटी घेऊन आली. जटांचा भारा दोन्ही हातांनी उचलून धरला तेव्हा त्याखालची मान दिसली. कातडी पांढरी पडलेली, जागोजाग फोड. तिनं तेलाचं बोट तिथं हलकेच फिरवलं. म्हातारी दचकली.

"दुखतंय का, मावशे?"

"ठावं न्हाय," साखरबाई म्हणाली. "हळद लागली, कुंकू लागलं. हात नव्हता लागला कुनाचा, पन्नास वर्सं."